जुन्या वृक्षांची नोंद : वारकऱ्याची एक सेवा

वारकरी बंधुभगिनींनो, आषाढीच्या वाटेवर ज्या वडाखाली आपली दिंडी टेकते, त्याची आठवण घरी गेल्यावर राहते का? सावली घेतली, भाकरी खाल्ली, दोन अभंग म्हटले आणि उठलो, असेच होते. पालखीची वाट रुंद होताना असे कित्येक जुने वृक्ष गेले. ते कोणते, कुठले, हे आज आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? आपण कधी लिहूनच ठेवले नाही.

संप्रदायाला वृक्ष परका नाही. आळंदीला माउलींच्या समाधीपाशी अजानवृक्ष आहे, देहूला तुकोबारायांच्या वैकुंठगमनाच्या ठिकाणी नांदुरकी आहे. लोकांनी ती स्थाने पिढ्यान्‌पिढ्या ओळखली, सांगितली, म्हणून ती जपली गेली. आपल्या वेशीवरच्या चिंचेविषयी असे सांगणारे कोण आहे?

नोंदीला दोरी, मोजपट्टी आणि वही एवढे पुरे. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे छातीइतक्या उंचीवर, बुंध्याचा घेर मोजावा. जमीन उतरती असेल तर वरच्या बाजूने उंची धरावी. वडाचे मुख्य खोड वेगळे मोजावे आणि जमिनीत रुजलेल्या पारंब्या वेगळ्या मोजाव्यात. सावलीचा पसारा पावलांनी मोजला तरी चालेल. झाडाचे नाव गावात म्हणतात तेच लिहावे, पण पानफळही नीट पाहावे. कारण नावे गावोगाव बदलतात. अजानवृक्षालाच कित्येक ठिकाणी दातरंग म्हणतात! मग गावातल्या आजोबा-आजींना विचारावे : तुमच्या लहानपणी हे झाड केवढे होते? जुन्या खरेदीखतात चतुःसीमा सांगताना कधी झाडाचा उल्लेख येतो, तोही पाहावा.

वयाविषयी मात्र जपून लिहावे. ‘हा वड माउलींच्या काळचा’ असे पुष्कळ गावी सांगतात. माउलींनी समाधी घेतली १२९६ साली. त्याला सातशेहून अधिक वर्षे झाली. जाड बुंधा म्हणजे मोठे वय, असे नव्हे. पाण्याजवळचे झाड लवकर भरते, खडकावरचे बारीक राहते. वडाचे तर मूळ खोड कुजून जाते आणि पारंब्याच खोड होऊन उभ्या राहतात. म्हणून ‘गावकरी असे सांगतात’ हे एका रकान्यात आणि ‘आम्ही असे मोजले’ हे दुसऱ्या रकान्यात लिहावे. याने श्रद्धेला बाध येत नाही. उलट फुगवलेले वय लिहिले, तर उद्या कुणी ते खोडून काढील आणि खऱ्या मापावरचाही विश्वास उडेल.

ही वही पेटीत ठेवून उपयोग नाही. शहरांसाठी १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात पन्नास वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हटले आहे. पण तो नागरी भागापुरता. खेड्यात २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीने समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपली पाने तिथे द्यावीत आणि ग्रामसभेत वाचून दाखवावीत. रस्त्याची आखणी झाल्यावर धावण्यापेक्षा आधी लिहिलेला कागद हाती असलेला बरा.

आणि बाबांनो, थोडे आपल्याकडेही पाहू. दिंडीची चूल आपण बुंध्याला लागून मांडतो, मुळे भाजतात. स्वागताचे फलक खोडाला खिळ्यांनी ठोकतो. भक्तीने पार बांधतो आणि सिमेंट थेट खोडाला भिडवतो, मग पाणी मुरायचे कसे? चूल सावलीबाहेर मांडावी, फलक बांबूला बांधावा, पाराच्या आत माती मोकळी ठेवावी.

पुढच्या वारीला प्रत्येक दिंडीने आपल्या विसाव्याचे एक झाड लिहून आणावे, एवढीच आमची विनंती. ज्याने सावली दिली, त्याचे नाव तरी आपल्या वहीत असावे.

राम कृष्ण हरि.