थांबवून विचारणे : डीबगरची ओळख

डीबगर या शब्दाला 'दोषशोधक' असा मराठी प्रतिशब्द सहज सुचतो. दिसायला तो चांगला आहे. परंतु मला तो पटत नाही, कारण डीबगर दोष शोधतच नाही. चालता प्रोग्रॅम आपण सांगू त्या ठिकाणी तो थांबवतो आणि आपण विचारू तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. शोध आपल्यालाच घ्यावा लागतो.

कला शाखेच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. मी भूगोलाची विद्यार्थिनी. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. 'संगणक म्हणजे इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे काम' हे वाक्य मी गावात ऐकले, एस.टी.त ऐकले आणि खेदाने सांगते, याच इमारतीतही ऐकले. मला ते मान्य नाही. या लेखात ज्या डीबगरविषयी लिहीत आहे, त्याचे रोजचे काम दहा-बारा इंग्रजी शब्दांत भागते. त्यापुढे लागतो तो विचार, आणि तो मराठीत करायला कोणाची हरकत नसावी.

प्रथम थोडा इतिहास. यंत्रातल्या बिघाडाला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची पद्धत जुनी. एडिसनने १८७८ च्या एका पत्रात तो शब्द वापरला आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या संगणकाच्या रिलेमध्ये खराखुरा पतंग सापडला आणि तेथील मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. आपला डीबगर, म्हणजे जीडीबी, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिला. तो विनामूल्य आहे. त्याला चित्रे, खिडक्या, माऊस काही लागत नाही. काळ्या पडद्यावर अक्षरे उमटली की झाले. जुन्या यंत्रांवर शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना ही सोय मोठीच म्हणायची.

आता मूळ मुद्दा. सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम कंपायलर यंत्रभाषेत उतरवतो. या भाषांतरात आपण दिलेली नावे आणि ओळींचे क्रमांक बहुतेक हरवतात. यंत्राला त्यांची गरज नसते. कंपायलरला 'वजा जी' हा पर्याय दिला, तर कोणती यंत्र-आज्ञा कोणत्या ओळीतून आली आणि कोणते नाव मेमरीत कोठे आहे, याचा तक्ता तो सोबत जोडतो. अनुवादित ग्रंथाच्या समासात मूळ पृष्ठांक छापावेत, तसेच हे. तक्ता नसेल तर डीबगर चालतो, पण आपल्याला आपलाच प्रोग्रॅम ओळखू येत नाही.

वर्गात सरांनी सरावासाठी मुद्दाम सदोष लिहिलेला एक प्रोग्रॅम दिला होता. बारा महिन्यांच्या पावसाची बेरीज करायची. सी भाषेत मोजणी शून्यापासून, म्हणून महिने ० ते ११. प्रोग्रॅममध्ये मात्र 'आय १२ पेक्षा लहान' याऐवजी 'लहान किंवा समान' असे होते. साध्या रीतीने दिला तर कंपायलर याबद्दल चकार शब्द काढीत नाही. गंमत अशी की तेराव्या जागी मेमरीत योगायोगाने शून्य असले, तर उत्तर बरोबरही येते. असा दोष सर्वांत वाईट.

येथे डीबगरला काय विचारावे? 'चूक कोठे आहे' हा प्रश्न त्याला कळत नाही. म्हणून आधी कागदावर आपली अपेक्षा लिहावी : आय कधीही १२ होऊ नये. मग बेरजेची ओळ नववी असेल, तर 'ब्रेक ९ इफ आय == १२' आणि पुढे 'रन'. प्रोग्रॅम निर्दोष असता तर तो तेथे कधीच थांबला नसता. तो थांबतो. 'प्रिंट पाऊस[१२]' म्हणताच कोणीही न भरलेला आकडा समोर येतो. तेराव्या महिन्याचा पाऊस!

माझे वडील विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करतात. मोटार बंद पडली म्हणून ते लगेच ती उघडत नाहीत. आधी मीटरपाशी टेस्ट लॅम्प, मग स्टार्टरला, मग मोटारीच्या तोंडाशी. जेथवर दिवा लागतो तेथवर सारे ठीक. पण दिवा कोठे लागायला हवा हे माहीत नसेल, तर लॅम्प हातात असून काय उपयोग? वडील सातवी शिकले आहेत. मी त्यांना जीडीबी समजावून सांगू लागले, तेव्हा अर्ध्यावरच ते म्हणाले, "समजलं, पुढं सांग."

हे थांबवणे घडते कसे, तेही रंजक आहे. इंटेल जातीच्या प्रोसेसरवर डीबगर त्या ओळीच्या पहिल्या यंत्र-आज्ञेचा पहिला बाइट उचलून जपून ठेवतो आणि त्या जागी २०४ हा अंक लिहितो. त्या अंकाचा अर्थच 'थांब' असा. प्रोसेसर थबकला की सूत्रे डीबगरकडे येतात. पुढे जाताना मूळ बाइट जागेवर परत जातो.

थांबल्यावर 'नेक्स्ट' एक ओळ पुढे नेते. 'स्टेप'ही तसेच, मात्र ओळीत एखादे फंक्शन असेल तर ती त्याच्या आत शिरते. 'वॉच' एखाद्या नावावर पहारा ठेवते व किंमत बदलताच प्रोग्रॅम अडवते. मला सर्वांत आवडते ती 'बॅकट्रेस'. प्रोग्रॅम मध्येच कोसळला, की तो कोणत्या फंक्शनात होता, त्याला कोणी बोलावले, त्या बोलावणाऱ्याला कोणी, अशी पार 'मेन'पर्यंतची वंशावळ ती मांडते. मात्र बापाचा दोष मुलाच्या दारात उघडा पडतो, तेव्हा वरच्या पायरीवरच थांबू नये. 'अप' म्हणून एकेक पिढी मागे जावे.

सदर पावसाचा प्रोग्रॅम संगणक कक्षात खिडकीजवळच्या यंत्रावर ठेवला आहे. शनिवारी दुपारी कक्ष रिकामा असतो.