घटक ४ : कानांनी वाचायची कविता – पोवाडा, जलसा आणि रॅप

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• छापील कविता आणि सादर होणारी कविता यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• मराठी शाहिरी आणि रॅप यांतील साम्यभेद सांगता येतील.
• आपल्या परिसरातील मौखिक रचनांची नोंद कशी करावी, हे सांगता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पोवाडा किंवा रॅप कागदावर उतरवला की तो पुष्कळदा साधा आणि पुनरुक्तीने भरलेला वाटतो. एवढ्यावरून त्याला दुय्यम साहित्य ठरवले जाते. हा निर्णय न्याय्य आहे का, हा या घटकातील मुख्य प्रश्न आहे. जी कविता जमावासमोर बोलण्यासाठी रचली गेली, तिची परीक्षा केवळ छापील संहितेवर करता येते का, याचा विचार तुम्ही पुढील विवेचन वाचताना करावा.

४.२ मराठी परंपरा

सतराव्या शतकातील अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा पराक्रमाचे गान करतो. १८६९ मध्ये महात्मा फुले यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला आणि त्यांना ‘कुळवाडी-भूषण’ म्हणून मांडले. वीरगाथेचा जुना साचा येथे सामाजिक विचारासाठी वापरला गेला. पुढे सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी तमाशाची चौकट घेऊन तिच्यातून जातिव्यवस्थेची चिकित्सा केली.

१९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड आरंभी विरहगीत वाटते. गावी राहिलेल्या पत्नीचे हे दुःख पुढे संयुक्त महाराष्ट्रापासून तुटलेल्या भूभागाचे दुःख होते. खाजगी आणि राजकीय भावना एकाच प्रतिमेत सामावल्यामुळे गिरणी कामगाराला ही रचना आपली वाटली. तत्कालीन मुंबई सरकारने या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली होती. गाण्याचा परिणाम सत्तेने किती गंभीरपणे घेतला होता, हे यावरून लक्षात येते.

४.३ रॅपचा उगम

अमेरिकेतही बोललेली राजकीय कविता रॅपच्या आधी आली. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ‘द लास्ट पोएट्स’ हा कविगट स्थापन झाला. ढोलाच्या ठेक्यावर कृष्णवर्णीयांच्या हक्कांची कविता ते म्हणत. गिल स्कॉट-हेरॉन यांचे काव्यवाचनही याच काळातले. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समध्ये मूळच्या जमैकातील डीजे कूल हर्क यांनी गाजवलेला कार्यक्रम हिप-हॉपचा आरंभ मानला जातो. १९८२ च्या ‘द मेसेज’ या गीताने शहरी दारिद्र्य रॅपच्या केंद्रस्थानी आणले.

याच सुमारास, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतलेले होते. मात्र एवढ्यावरून पोवाडा हा रॅपचा पूर्वज ठरत नाही. दोन्ही परंपरा स्वतंत्रपणे वाढल्या. समान परिस्थितीने त्यांना समान साधने दिली, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

४.४ साम्य आणि भेद

(अ) पालुपद : झीलकरी ‘जी जी’ म्हणतात तेव्हा शाहिराला श्वास घ्यायला आणि श्रोत्याला अर्थ पचवायला अवधी मिळतो. कागदावर जी पुनरुक्ती वाटते, ती सादरीकरणात रचनेचा आधार असते. रॅपमधील पालुपदही हेच कार्य करते.

(आ) नाममुद्रा : शाहीर कवनात आपले नाव गुंफतो, रॅपर आपले नाव आणि आपली वस्ती सांगतो. बोलणाऱ्याने आपल्या शब्दांची जबाबदारी घेतलेली असते.

(इ) भेद : पोवाडा बहुधा प्रसंगाचे कथन करतो, तर रॅपमध्ये ‘मी’चे निवेदन प्रबळ असते. शाहिराला साथीदार लागतात. रॅपर ध्वनिमुद्रित ठेक्यावर एकटाही उभा राहू शकतो. तथापि २०१९ मधील ‘द वारली रिव्होल्ट’ या रचनेत स्वदेशी या गटाने आरे परिसरातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज सोबत घेतला. जंगल आणि जमीन यांचा प्रश्न तेथे ‘आम्ही’चा होतो.

४.५ परिसराभ्यास : पनवेल

नवी मुंबईसाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध पनवेल-उरण भागातील शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. या लढ्यानंतर संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. ‘साडेबारा टक्के’ हे दोन शब्द पनवेलच्या सभेत उच्चारले, तर श्रोत्याला अर्थ सांगावा लागत नाही; त्यांत जमीन, लढा आणि मृत्यू सारेच येते. छापील पुस्तकात मात्र त्यांना तळटीप लागेल. बोललेली कविता श्रोत्यांच्या स्मृतीवर उभी असते, ती अशी. याच भागातील आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते. कवितेला कानांनी ओळखणारा श्रोता येथे आधीपासून आहे.

४.६ सारांश

सादर होणाऱ्या कवितेत शब्द, ठेका, आवाज आणि श्रोता मिळून संहिता पूर्ण होते. म्हणून तिचे मूल्यमापन करताना ती कोणी, कोणासमोर आणि कोणत्या प्रसंगी म्हटली, हे पाहणे आवश्यक आहे.

स्वाध्याय

१. पालुपदाचे कार्य सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘पोवाडा हा रॅपचा पूर्वज आहे’ या विधानाची चिकित्सा करा.
३. उपक्रम : आपल्या गावातील चळवळीचे एक गीत जाणकाराच्या संमतीने ध्वनिमुद्रित करा. ते लिहून काढा आणि लिहिताना काय निसटले, याची नोंद करा.