गोळी थांबते, परिणाम उरतो

दात काढावयाचा म्हणून रोजची ॲस्पिरिनची गोळी आदल्या रात्री आपल्याच मनाने बंद करणारे रुग्ण आढळतात. एका दिवसात रक्त पूर्ववत होते, ही त्यांची समजूत मात्र बरोबर नाही.

रक्तवाहिनीला इजा झाली की प्रथम तेथे धावून जातात ते बिंबाणू, म्हणजेच प्लेटलेट. निरोगी माणसाच्या एक घनमिलीमीटर रक्तात ते सुमारे दीड ते साडेचार लाख असतात. ते अस्थिमज्जेत तयार होतात आणि त्यांचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे असते.

ॲस्पिरिन स्वतः रक्तात फार काळ टिकत नाही. १५ ते २० मिनिटांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. परंतु तेवढ्या अवधीत ते बिंबाणूंमधील एक एंझाइम कायमचे निकामी करते, आणि बिंबाणूंना एकत्र येण्याचा इशारा देणारे द्रव्य तयार होईनासे होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी या औषधाच्या कार्याचा उलगडा १९७१ मध्ये केला. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत ते होते. अन्य पेशी असे एंझाइम पुन्हा तयार करतात. बिंबाणूला केंद्रकच नसल्याने ते साधत नाही. बाधित बिंबाणू मरेपर्यंत बाधितच राहतो.

म्हणून येथे दुरुस्ती नाही, केवळ बदली आहे. राज्यसभा एकदम विसर्जित होत नाही, तिचे सदस्य टप्प्याटप्प्याने बदलतात, तशीच ही रीत. दररोज सुमारे एक-दशांश बिंबाणू नवे येतात. तीन-चार दिवसांत सुमारे एक-तृतीयांश नवे झाले की साधा रक्तस्राव बहुधा आवरतो. पूर्ण भरपाईस सात ते दहा दिवस लागतात. क्लोपिडोग्रेलचा परिणामही असाच कायम राहतो. टिकाग्रेलॉरचा मात्र औषध उतरताच ओसरू लागतो.

प्रश्न केवळ रक्तस्रावाचा नाही. हृदयरोहिणीत स्टेंट बसविलेल्या रुग्णाने, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, गोळी परस्पर सोडल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते. गोळी थांबवावी काय, किती दिवस आणि पुन्हा केव्हा सुरू करावी, हे हृदयरोगतज्ज्ञ व शल्यचिकित्सक यांनी मिळून ठरवावयाचे असते. साधा दात काढण्यासाठी तर ॲस्पिरिन बहुधा बंद करावेच लागत नाही; जखमेवर बोळा दाबून धरला की रक्त थांबते. दंतवैद्याकडे जाताना औषधांची चिठ्ठी मात्र जवळ असावी.