नदी आटते तेव्हाची कावीळ

कृष्णा-पंचगंगेच्या काठची माणसे पुराला भितात, आणि २००५, २०१९, २०२१ चे पूर पाहिल्यावर ते साहजिकच आहे. मला मात्र उन्हाळ्यातली नदी जास्त काळजीची वाटते. धार बारीक होते, पाणी डोहात साचते. सांडपाणी मात्र बारमाही तेवढेच येते. त्याच पात्रात कपडे, म्हशी धुवायच्या आणि जॅकवेलने तेच पाणी उचलायचे! २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली.

दूषित पाण्यातून पसरणाऱ्या अशा मोठ्या साथी बहुधा हिपॅटायटिस ‘ई’ या विषाणूच्या असतात. दिल्लीत १९५५ साली यमुनेचे पात्र सरकले व नाल्याची घाण थेट पाणी उचलण्याच्या जागी आली. पाण्यात क्लोरीन वाढवण्यात आले, त्यामुळे विषमज्वर फैलावला नाही. कावीळ मात्र सुमारे २९ हजार लोकांना झाली! ती ‘ई’ विषाणूची होती, हे पुष्कळ वर्षांनी जपून ठेवलेल्या रक्तजलाच्या तपासणीत कळले.

हा विषाणू पोटात गेल्यावर साधारण पाच-सहा आठवड्यांनी डोळे पिवळे होतात. म्हणून रोगी कालच्या उसाच्या रसाला दोष देतो; खरा दोष असतो महिन्यापूर्वीच्या पाण्याचा. तुरटीने गाळ खाली बसतो, विषाणू मरत नाही. पाणी खळखळ उकळून किमान एक मिनिट तसेच उकळू द्यावे.

निरोगी माणसाची ही कावीळ बहुधा आपोआप बरी होते. श्रेय झाडपाल्याला किंवा हातावरच्या डागाला मिळते. (हळद बंद करण्याने काहीही साधत नाही, ती फक्त रंगाने पिवळी!)

गरोदर स्त्रीची गोष्ट वेगळी. शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. आपल्याकडे मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते ती नेमकी याच महिन्यांत. तिला मळमळ, अन्नावरची वासना जाणे, गडद पिवळी लघवी अशी लक्षणे दिसली तर डागणाऱ्याकडे न नेता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा रक्तस्राव असेल तर तडक मोठ्या रुग्णालयात न्या. आणि ती घरात आहे तोवर तिला चूळ भरायलासुद्धा उकळून गार केलेलेच पाणी द्या.