नेव्हाडा काउंटी : सोने, पाणी आणि माणसे

कॅलिफोर्नियातील नेव्हाडा काउंटी सिएरा नेव्हाडा पर्वताच्या पश्चिम पायथ्यापासून राज्याच्या पूर्व सीमेपर्यंत पसरलेली आहे. काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्याकडील जिल्हा. ‘नेव्हाडा’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ ‘बर्फाच्छादित’ असा आहे. शेजारचे नेव्हाडा राज्य १८६४ मध्ये अस्तित्वात आले. ही काउंटी मात्र १८५१ मध्येच स्थापन झाली होती. एकेकाळी अमेरिकेतील सोन्याचे एक प्रमुख आगर असलेल्या या प्रदेशाचा इतिहास म्हणजे डोंगरातील धन कोणी काढले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा इतिहास आहे.

मूळ रहिवासी

या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या निसेनान लोकांची वस्ती होती. ओक वृक्षांची फळे, नदीतील मासे आणि शिकार यांवर त्यांचा निर्वाह चाले. जानेवारी १८४८ मध्ये कोलोमा येथे जेम्स मार्शल याला सोने सापडले आणि एक-दोन वर्षांतच हजारो लोक या दऱ्यांत शिरले. १८५० च्या एका कायद्याने आदिवासींना गोऱ्यांच्या ताब्यात वेठीस ठेवण्याची वाट मोकळी झाली. त्या कायद्याच्या नावात ‘संरक्षण’ हा शब्द होता, हे विशेष! १९१३ मध्ये निसेनानांना नेव्हाडा सिटीजवळ थोडी राखीव जमीन मिळाली. परंतु १९६४ मध्ये त्यांची शासकीय मान्यता काढून घेण्यात आली. ती परत मिळविण्याचा प्रयत्न या समाजाने पुढे चालू ठेवला.

झऱ्यापासून खाणीपर्यंत

आरंभीचे काम आपल्याकडील झारेकऱ्यांच्या कामासारखेच होते. नदीची वाळू थाळीत घेऊन पाण्याने धुवावयाची आणि जड सोने तळाशी उरू द्यावयाचे. १८५० मध्ये ग्रास व्हॅली येथे गारेच्या खडकात सोन्याची शीर आढळली आणि कामाचे स्वरूप पालटले. खडक फोडणे, कुटणे आणि खोल बोगद्यांतील पाणी उपसणे एकट्या-दुकट्याच्या आवाक्यातले नव्हते. त्याला भांडवल हवे होते आणि वाकबगार खाणकामगारही.

हे कामगार इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतातून आले. तेथील कथिल व तांब्याच्या खाणींचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. पाणी उपसण्याचे अवजड पंप, सारण भरलेली ‘पेस्टी’ आणि नाताळातील समूहगान ही त्यांची देणगी ग्रास व्हॅलीने जपली. याच कॉर्निश कामगारांपैकी काही जण कर्नाटकातील कोलारच्या खाणींतही आले होते. ते हक्कांविषयी जागरूक होते. डायनामाइटच्या वापरामुळे एकट्या माणसाने भोक पाडण्याची पद्धत रूढ होईल आणि अनेकांचे काम जाईल, या भीतीने त्यांनी १८६९ मध्ये संप केला.

चिनी मजुरांची स्थिती याहून बिकट होती. परदेशी खाणकामगारांवरील मासिक कराचा भार मुख्यतः त्यांच्यावर पडे. पाण्याचे पाट व लोहमार्ग यांच्या उभारणीत त्यांचे श्रम मोठे. तथापि १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशाचे दार बंद झाले. हा निर्बंध १९४३ मध्ये उठला.

डोंगर धुणारे पाणी

१८५३ मध्ये नेव्हाडा सिटीजवळ एक नवी युक्ती निघाली. उंचावरील तलावांतून पाणी लोखंडी नळांत आणून त्याचा जोरदार झोत डोंगरावर सोडावयाचा. ढासळलेली माती लाकडी पन्हळींतून वाहे आणि त्यांत घातलेला पारा सोन्याचे कण धरून ठेवी. मॅलकॉफ येथे अशा रीतीने सुमारे ७,००० फूट लांबीचा प्रचंड खड्डा तयार झाला.

उरलेला गाळ यूबा नदीत गेला. पात्र उथळ झाले आणि १८७५ मध्ये खालच्या मैदानातील मेरीझव्हिल शहर पुरात सापडले. शेतजमिनी गाळाखाली गेल्या. अखेर ७ जानेवारी १८८४ रोजी न्यायाधीश लॉरेन्झो सॉयर यांनी नद्यांत गाळ सोडण्यास मनाई केली. वरच्याचा धंदा खालच्याच्या शेतीच्या मुळावर येता कामा नये, हे तत्त्व या निकालाने अधोरेखित केले. परंतु नदीत मुरलेला पारा निकालाने नाहीसा झाला नाही. त्याचा अंश आजही तेथील माशांत आढळतो.

याच पाण्याच्या झोतातून एक हितकर शोधही लागला. लेस्टर पेल्टन याने झोताच्या बळावर फिरणारे, दुहेरी वाट्यांचे चक्र बनविले व १८८० मध्ये त्याचे एकस्व घेतले. सह्याद्रीच्या पायथ्याशी खोपोली येथील वीजकेंद्रातही पेल्टन चक्रेच वापरण्यात आली.

खाणींनंतर

१९४२ मध्ये युद्धकालीन आदेशाने सोन्याच्या खाणी बंद ठेवण्यात आल्या. युद्धानंतर खर्च वाढत गेला. सोन्याचा सरकारी भाव मात्र औंसाला ३५ डॉलरच राहिला. सुमारे ५८ लक्ष औंस सोने दिलेली एम्पायर खाण १९५६ मध्ये बंद पडली. आज ती आणि मॅलकॉफ ही राज्याची संरक्षित ऐतिहासिक उद्याने आहेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये येथील एक जुनी खाण पुन्हा सुरू करण्याचा प्रस्ताव काउंटीच्या लोकनियुक्त मंडळाने एकमताने फेटाळला. विहिरींचे पाणी आणि वस्तीची शांतता यांविषयीची रहिवाशांची चिंता या वादात प्रमुख होती. ज्या भूमीत सोन्यासाठी डोंगर धुतले गेले, तेथेच आता पाण्याचे मोल अधिक ठरले आहे.