पडद्यावरचा परका माणूस आणि त्याची बोली

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी एका दाक्षिणात्य हॉटेलमालकाची नक्कल केली. टाळ्या भरपूर मिळाल्या. माझा एक तेलुगुभाषक वर्गमित्र मात्र हसला नाही. ‘आमच्यात असं कोणी बोलत नाही रे,’ एवढेच तो म्हणाला. त्या वाक्याने मला या विषयाकडे वळविले. इंग्रजी व अमेरिकन चित्रपटांत आणि दूरदर्शन-मालिकांत हेच मोठ्या प्रमाणावर घडले आहे.

या नकलांत दोन दोष आढळतात. पहिला, नटाला उच्चारच साधत नाही. ‘मेरी पॉपिन्स’ (१९६४) या चित्रपटात डिक व्हॅन डाइक या अमेरिकन नटाने लंडनच्या श्रमिक वस्तीतील ‘कॉकनी’ बोली बोलण्याचा प्रयत्न केला. इंग्रज प्रेक्षकांनी त्याची इतकी चेष्टा केली, की २०१७ साली त्याने थट्टेच्या सुरात का होईना, माफी मागितली. हा दोष निरुपद्रवी म्हणावा लागेल.

दुसरा दोष अधिक खोल आहे. त्याचे उदाहरण आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे आहे. तेथील लष्करी छावणीत ताटकळणारे गोरे सैनिक वेडेपिसे होत. त्यावरूनच इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणजे भ्रमिष्ट हा शब्द रूढ झाला. बीबीसीची ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ (१९७४ ते १९८१) ही विनोदी मालिका आरंभी याच छावणीत घडते. चित्रीकरण अर्थात इंग्लंडात झाले. त्यातील रंगी राम हा बेअरर मायकेल बेट्स या इंग्रज नटाने चेहरा रंगवून साकारला. बेट्स यांचा जन्म झाशीचा. हिंदुस्तानी त्यांना येत होती. म्हणजे येथे अज्ञान हे कारण नव्हे. तरीही स्वतःला ‘आम्ही ब्रिटिश’ म्हणवणारा नोकर, याच साच्यात हिंदी माणूस बसविला गेला. सरावाने उच्चार सुधारतो, साचा सुधारत नाही.

साच्याची झळ कोणाला लागते? ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन व्यंगचित्रमालिकेतील अपू या भारतीय दुकानदाराला १९९० पासून हँक अझारिया या गोऱ्या नटाने आवाज दिला. त्याच आवाजात भारतीय वंशाच्या मुलांना शाळेत चिडविले जाई. हरी कोंडाबोलू या विनोदकाराने २०१७ मध्ये अनुबोधपटाद्वारे हे मांडले आणि २०२० मध्ये अझारिया यांनी ते काम सोडले.

मग नक्कल करूच नये काय? मला तसे वाटत नाही. ‘अलो अलो’ (१९८२ ते १९९२) या मालिकेत फ्रेंच व जर्मनांचे ठोकळे आहेतच. पण सर्वांत मोठे हसे होते ते मोडकेतोडके फ्रेंच बोलणाऱ्या इंग्रज हेराचे. तेथे हसणारा स्वतःलाही हसतो.

यंदाही मी नक्कल करणार आहे. पण आधी ती त्या मित्राला ऐकवीन. तो मनापासून हसला, तरच रंगमंचावर जाईन.