नवशिक्याच्या हाती स्पोर्टी गाडी द्यावी का?

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा आहे. चार महिन्यांपूर्वी त्याला लायसन्स मिळालं. आता सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस २३० घ्या म्हणून मागे लागलाय. घेऊन द्यावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : इतक्यात नको. २३० अश्वशक्तीची ही गाडी सात सेकंदांच्या आत ताशी १०० किमी वेग गाठते. त्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते. पुढच्या ट्रकचे ब्रेकलाइट दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर जाऊ शकतं. शिवाय वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यावर थांबायला साधारण चौपट अंतर लागतं. नवशिक्याची नजर बॉनेटपुढेच घुटमळते. दूरचा धोका हेरायला सरावच लागतो. ओल्या कसारा घाटात झिजलेले टायर घसरू लागले, की एबीएसलाही मर्यादा येतात.

सध्या सहा एअरबॅग आणि ईएससी असलेली साधी हॅचबॅक द्या. एक अख्खा पावसाळा, रात्रीचा हायवे आणि घाट तुम्ही शेजारी बसून करून घ्या. मुलाची हौस खोटी नाही, तिला वर्ष-दोन वर्षं थांबवा. लायसन्स कायद्याने मिळतं, हात मात्र सरावानेच बसतो.